सोलापूरची रेल्वे आणि बोरघाटाचा चढ

तुमचे तीन प्रश्न आहेत. सोलापूरला गाडी १८६० मध्ये आली आणि कर्जत-लोणावळ्यामधल्या बोरघाटाची रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये, मग मधली तीन वर्षं ती गाडी येत कुठून होती? घाटात पूर्वी ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होतं ते कशासाठी, आणि आता ते का नाही? आणि आपल्या बार्शी लाइटने, म्हणजे बार्शीच्या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेने, येडशीजवळचा रामलिंगचा घाट चढला, तर तिलाही घाटाची रेल्वे म्हणायचं का? शाळेच्या मुलांच्या प्रकल्पासाठी हवं आहे असं लिहिलंत, म्हणून सविस्तर लिहितो. माझी नोकरी रेल्वेच्या पी-वे खात्यात गेली, म्हणजे रूळ, स्लीपर आणि खडी सांभाळणाऱ्यांत. त्यातली बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात आणि शेवटची आपल्या सोलापूर विभागात. त्यामुळे हा इतिहास मी रुळाच्या बाजूने सांगणार, आणि माझ्या मते तो तिथूनच नीट समजतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. गाडी खंडाळ्याहून येत होती.

जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी चालवली. तिथून कल्याण करत मे १८५६ मध्ये रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत, म्हणजे घाटाच्या अगदी पायथ्याशी पोचले. पुढे सह्याद्रीची भिंत. ती फोडायला वर्षं लागणार हे कंपनीला ठाऊक होतं, म्हणून तिने वाट न पाहता घाटमाथ्यावरून पुढचं काम हाती घेतलं. खंडाळा ते पुणे १४ जून १८५८ रोजी सुरू झालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रूळ भीमेकाठच्या डिकसळला पोचले, ऑक्टोबर १८५९ मध्ये बार्शी रोडला (म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला), जानेवारी १८६० मध्ये मोहोळला आणि ६ जून १८६० रोजी सोलापूरला. सपाट माळावर रेल्वे अशी भराभर धावत आली. डोंगरात मात्र तेवढ्याच काळात जेमतेम काही मैल हातात आले होते.

म्हणजे १८६० ते १८६३ या काळात एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या रेल्वे होत्या. एक कोकणात, मुंबई ते खोपोली. दुसरी देशावर, खंडाळा ते सोलापूर. दोन्हींच्या मध्ये डोंगर, आणि डोंगरातून जाणारा गाडीरस्ता. हा रस्ता सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० मध्ये बांधून झाला होता. सोलापूरहून निघालेला माणूस खंडाळ्याला उतरायचा, बैलगाडीने, तट्टावर, पालखीत किंवा पायी घाट उतरायचा आणि खोपोलीला पुन्हा गाडीत बसायचा. आज कर्जतहून खोपोलीला जी लोकल जाते तो फाटा त्या काळातला आहे. मुख्य लाइन डोंगर चढून गेली आणि खोपोली बाजूला राहिली, तरी तो टिकला. मुलांना नकाशात दाखवा, लगेच लक्षात येईल.

माणसाचं एक वेळ ठीक. मालाचं बघा. सोलापूर, बार्शी भागातला कापूस गाडीत भरायचा, खंडाळ्याला उतरवायचा, बैलगाड्यांवर चढवायचा, खोपोलीला पुन्हा वाघिणीत (मालडब्यात) भरायचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या बाजारात इथल्या कापसाचे भाव चढत गेले. नेमक्या त्या काळात आपला कापूस डोंगराच्या तोंडाशी येऊन खोळंबत होता. उलट दिशेचा प्रश्न तर आणखी मोठा. देशावरच्या रेल्वेला ना बंदर, ना मोठा कारखाना. तिचा रूळ, चाक, इंजिनाचे भाग, सगळं विलायतेहून मुंबईला आणि तिथून त्याच घाटरस्त्याने वर. सोलापूरला पहिली गाडी ज्या रुळांवरून आली ते रूळ आधी बैलांनी घाट चढवलेले होते, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात बोलकं वाटतं.

आता घाटाकडे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी एका आकड्याभोवती देतो, कारण या घाटात जे जे झालं, ते त्या आकड्यातून निघालं. तो आकडा ३७.

कंपनीचे मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कली. त्यांनी सह्याद्रीतल्या वाटा पाहिल्या. कुसूर घाटाचाही विचार झाला आणि तो मागे पडला. अखेर बोरघाट ठरला. पायथ्याला पळसदरीजवळ समुद्रसपाटीपासून १९६ फूट, माथ्यावर लोणावळ्याला २,०२७ फूट. म्हणजे १,८३१ फूट चढायचे आणि त्यासाठी मिळालेली लांबी पावणेसोळा मैलांच्या थोडी वर. भागाकार केला तर सरासरी ४६ फुटांमागे १ फूट चढ येतो. पण डोंगर सरासरीने चढू देत नाही. कुठे कडा आडवा येतो, कुठे ओढा, कुठे सपाटी घ्यावीच लागते. मग उरलेल्या जागी जास्त चढ घ्यावा लागतो. तो ३७ ला १ पर्यंत गेला.

३७ ला १ म्हणजे किती, हे रस्त्यावर चालणाऱ्याला कळत नाही. आपल्या गावातल्या कुठल्याही उड्डाणपुलाचा चढ याहून जास्त असेल. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर असतं, त्याला टायरसारखी पकड नसते. आजच्या २४ डब्यांच्या गाडीची लांबी साडेपाचशे मीटरच्या वर जाते. ती या चढावर उभी असेल, तर तिचा पुढचा डबा शेवटच्या डब्यापेक्षा सुमारे १५ मीटर उंच असतो, म्हणजे पाच मजले. गाडीचं वजन १,२०० टन धरलं तर त्यातले ३२ टन सतत मागे, कर्जतकडे ओढत असतात. हे ३२ टन आणि चाकांचा विरोध मिळून सगळा भार पहिल्या इंजिनाने ओढायचा ठरवला, तर एक तर इंजिनाची चाकं घसरतील, नाही तर डब्यांमधल्या कपलिंगवर नको तेवढा ताण येईल. आणि मध्येच कपलिंग तुटलं तर मागचे डबे सरळ खाली. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. पुढून ओढ आणि मागून रेटा, दोन्ही मिळाले की मधला ताण वाटला जातो आणि मागे कोणीतरी अडवायला असतं. सोलापूरची माणसं रात्रीच्या सिद्धेश्वरने येताना कर्जतला एक हलका धक्का जाणवतो म्हणतात, तो याच बँकरचा.

हे आजचं झालं. काम सुरू झालं २४ जानेवारी १८५६ रोजी. पहिले कंत्राटदार विल्यम फेव्हिएल, मुंबई-ठाणे लाइन बांधणाऱ्यांपैकीच एक. त्यांची पद्धत म्हणजे कामाचे तुकडे पोटकंत्राटदारांना आणि मुकादमांना देणं. पैसे वरून खाली झिरपता झिरपता मजुराच्या हातात वेळेवर पोचत नसत. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून कर्जतच्या बाजूला दंगा झाला. त्याची चौकशी झाली, आणि पुढे १८६० च्या नवव्या कायद्याने रेल्वे, कालवे अशा मोठ्या कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांचा निकाल मॅजिस्ट्रेटने झटपट लावायची सोय झाली. त्याच कायद्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचीही तरतूद होती, हे मुलांना नक्की सांगा. दोन्ही बाजू सांगितल्याशिवाय तो काळ कळत नाही.

मार्च १८५९ मध्ये फेव्हिएल यांनी काम सोडलं. काही महिने कंपनीनेच ते रेटलं. मग सॉलोमन ट्रेडवेल यांनी कंत्राट घेतलं, नोव्हेंबरात ते हिंदुस्थानात आले आणि आल्यापासून काही आठवड्यांतच वारले. कंत्राट बुडायची वेळ आली होती. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ते आपल्या हाती ठेवलं, ॲडम्सन आणि क्लाउझर या इंजिनियरांना प्रत्यक्ष कामावर नेमलं आणि घाट पुरा करून दिला. फोटो काढण्याची कलाही त्यांना अवगत होती. घाटाच्या बांधकामाचे त्यांनी काढलेले फोटो आजही मिळतात, ते मुलांना दाखवा. मोठ्या कड्यापुढे मुंगीएवढी माणसं दिसतात, त्यावरून कामाचा आवाका कळतो.

त्या माणसांबद्दल लिहिताना मला नेहमी थांबावंसं वाटतं. १८६१ च्या सुमारास या पंधरा-सोळा मैलांत ४२,००० च्या आसपास माणसं कामावर होती. डायनामाइटचा शोध लागला १८६७ मध्ये, म्हणजे घाट सुरू झाल्यावर चार वर्षांनी. त्यामुळे इथला सगळा काळा पाषाण फोडला तो पहार, घण आणि साध्या दारूवर. कड्यावर पाय ठेवायला जागा नाही तिथे कमरेला दोर बांधून माणसं खाली सोडत, ती लोंबकळत भोक पाडत, दारू ठासत, आणि वात पेटली की वर ओढून घेत. २५ बोगदे, मिळून ३,९८६ यार्ड म्हणजे सव्वादोन मैलांहून जास्त. आठ मोठे कमानी पूल. वीस लाख घनयार्डांच्या वर खोदाई, त्याहून जास्त भराव. पाऊस लागला की काम जवळपास बंद, माणसं गावी. परत येत ती दिवाळीनंतर. त्यातच पटकीच्या साथी येत. प्यायला ओढ्याचं पाणी, राहायला पाल्याच्या झोपड्या, आणि एवढी माणसं एका दरीत. किती गेली याचे आकडे लोक वेगवेगळे सांगतात. ती हजारांनी गेली एवढं मात्र खरं, आणि त्यातल्या एकाचंही नाव घाटात कुठे कोरलेलं माझ्या पाहण्यात नाही. खुद्द बर्कली यांनाही घाट पुरा झालेला पाहायला मिळाला नाही. ते ऑगस्ट १८६२ मध्ये वारले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला आणि सोलापूर ते मुंबई प्रवास पहिल्यांदा एकाच रुळावरून झाला.

आता रिव्हर्सिंग स्टेशन. खंडाळ्याच्या खाली डोंगराची एक सोंड पुढे येते. गाडी वळवून वर न्यायची तर वळणाला जागा नाही, आणि डोंगर आरपार फोडायचा तर फार लांब बोगदा लागणार. बर्कली यांनी तोड काढली ती अशी. चढत आलेली गाडी त्या सोंडेवरच्या एका सपाट जागी जाऊन थांबेल. इंजिन पुढून सुटेल, बाजूच्या रुळावरून येऊन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागेल, आणि गाडी जिकडून आली त्याच बाजूला, पण वरच्या पातळीवरच्या रुळाने, पुढचा चढ चढू लागेल. मुलांना फळ्यावर आडवी इंग्रजी व्ही काढून दाखवा. खालचा दांडा म्हणजे कर्जतकडून येणारी लाइन, वरचा दांडा लोणावळ्याकडे जाणारी, आणि टोक म्हणजे स्टेशन. वळण टळलं, लांब बोगदा टळला, आणि चढाला लागणारी लांबीही मिळाली.

शिवाय उतरणारी प्रत्येक गाडी अर्ध्या वाटेत थांबलीच पाहिजे, असा बंदोबस्त आपोआप झाला. याचं महत्त्व समजायचं तर तेव्हाचे ब्रेक कसे होते ते माहीत हवं. आज ड्रायव्हरने एक दांडी फिरवली की सगळ्या डब्यांना ब्रेक लागतात. १८६३ मध्ये असं काही नव्हतं. इंजिनाला ब्रेक होता, आणि गाडीत ठिकठिकाणी ब्रेकचे डबे जोडलेले असत. त्यांत ब्रेकवाले बसत आणि ड्रायव्हरच्या शिट्टीचा इशारा ऐकून हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत. घाटासाठी वेगळी जड इंजिनं आणली होती, त्यांना चाकांवरच्या ब्रेकखेरीज थेट रुळावर घासणारेही ब्रेक होते. धुकं, पाऊस, ओले रूळ, आणि शिट्टीवर चालणारे ब्रेक! लोक घाट चढण्याच्या गोष्टी सांगतात. आम्हा रुळावरच्या माणसांना भीती असायची ती उतरण्याची. चढताना गाडी अडली तर उभी राहते. उतरताना अडली नाही तर काय होतं, ते १८६९ मध्ये दिसलं. उतरणारी गाडी रिव्हर्सिंग स्टेशनवर थांबू शकली नाही आणि टोकाच्या पलीकडे गेली. माणसं दगावली.

म्हणून घाटात कॅच सायडिंग आल्या. उताराच्या मुख्य लाइनला फुटणारा हा आडवा रूळ डोंगराच्या बाजूने वर चढत जातो आणि तिथेच संपतो. पॉइंट, म्हणजे गाडीला या किंवा त्या रुळावर वळवणारा सांधा, नेहमी त्या सायडिंगकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबायचं, शिट्टी द्यायची, आणि गाडी ताब्यात आहे याची खात्री पटल्यावर केबिनमधून मुख्य लाइनचा रस्ता मिळायचा. थांबली नाही तर ती सायडिंगमध्ये चढून आपोआप मंदावणार. नवख्या प्रवाशाला वाटतं, गाडी सिग्नल नसल्यामुळे उभी आहे. ती खरं तर आपले ब्रेक चालतात हे दाखवायला उभी असते. या साध्या युक्तीने किती जीव वाचवले असतील याची मोजदाद नाही, कारण न झालेल्या अपघाताची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

मग रिव्हर्सिंग स्टेशन का गेलं? गाड्या लांब झाल्या म्हणून. त्या सपाट जागेत मावेल तेवढीच गाडी घाट चढू शकत होती. इंजिन सोडा, फिरवा, जोडा, यात वेळ जाई आणि मागची गाडी खोळंबून राही. विसाव्या शतकात मुंबई-पुणे वाहतूक वाढली, आणि कल्याण-पुणे विजेवर न्यायचं ठरलं तेव्हा कंपनीने नवे बोगदे खोदून लाइनच बदलली. १९२९ मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. बर्कलींच्या काळी जो बोगदा परवडत नव्हता, तो सत्तर वर्षांनी परवडला. चढ मात्र ३७ ला १ चाच राहिला. लाइन सुधारली, बोगदे वाढले, पुढे तिसरी लाइनही झाली, पण तो आकडा कोणी हलवू शकलं नाही.

विजेबरोबर १,५०० व्होल्ट डीसीवर चालणारी खास घाटाची मालगाडी इंजिनं आली. पहिली काही स्वित्झर्लंडमध्ये बनलेली. आडव्या दांड्यांनी जोडलेली चाकं, लांब नाक, चालताना डुलायची आणि उभी असताना कण्हल्यासारखा आवाज करायची. घाटातले लोक त्यांना खेकडा म्हणत. त्यांची खरी करामत उतरताना दिसे. मोटारी उलट्या कामाला लागून वीज तयार करायच्या आणि वरच्या तारेत परत सोडायच्या, त्यानेच गाडीला ब्रेक लागायचा. मघाची १,२०० टनांची गाडी लोणावळ्याहून पळसदरीपर्यंत ५५८ मीटर उतरते तेव्हा तिच्यातून सुमारे १,८०० युनिट इतकी ऊर्जा बाहेर पडते, आपल्या मीटरवर मोजतात तेच युनिट. एक तर ती ब्रेकच्या ठोकळ्यांत आणि चाकांत उष्णता होऊन जाईल, चाकं तापून लाल होतील, नाही तर तारेत जाऊन चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येईल. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली ती या विजेच्या भरवशावर. पुढे डीसी जाऊन २५,००० व्होल्ट एसी आली. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी सोलापूर-मुंबई वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या मोटारी एका इंजिनात नसून गाडीभर वाटलेल्या आहेत. ३७ च्या आकड्याला आजवर मिळालेलं हे सर्वात चांगलं उत्तर आहे, असं मला वाटतं.

आता माझ्या खात्याचं थोडं. पुस्तकांत घाट १८६३ मध्ये ‘पूर्ण झाला’ असं लिहितात. आमच्या लेखी तो दर पावसाळ्यात नव्याने उभा करावा लागतो. चारच वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, मौकी मळी नावाचा दगडी कमानींचा मोठा पूल ऐन पावसात कोसळला आणि पुन्हा बांधावा लागला. सोलापुरात वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस. खंडाळ्याला तो चार हजारांच्या वर जातो. इथल्या डोंगरात काळ्या कठीण पाषाणाच्या थरांमध्ये लाल, ठिसूळ थर आहेत. पाणी त्या ठिसूळ थरात शिरतं, तो धुपतो, आणि वरच्या कठीण थराचा आधार निघून जातो. मग घरांएवढा धोंडा सुटतो. म्हणून पावसाआधी हिल गँग कड्यांवर चढतात. दोर बांधून, ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, पहारींनी सुटे दगड मुद्दाम खाली पाडतात. पावसाळ्यात ठरलेल्या जागी रात्रंदिवस पहारेकरी असतात, हातात बत्ती, जवळ ड्रायव्हरला सावध करायला रुळावर लावायचे फटाके. १८६० मध्ये दोराला लटकणाऱ्या माणसांचं काम आजही पुरतं संपलेलं नाही.

रुळाचं वागणंही घाटात वेगळं. सतत ब्रेक लावून उतरणाऱ्या गाड्या रूळच खाली ढकलत नेतात, त्याला आम्ही क्रीप म्हणतो. वरच्या जोडांत फट वाढते, खालचे जोड आवळून येतात, आणि उन्हाळ्यात अशा आवळलेल्या ठिकाणी रूळ बाजूला फेकला जाऊ शकतो. रूळ सरकू नये म्हणून अँकर लावायचे, पुन्हा पुन्हा तपासायचं. वळणांवर बाहेरच्या रुळाची आतली बाजू चाकं खरवडून काढतात, तिथे ग्रीस लावायचं. पण ते रुळाच्या माथ्यावर एक थेंब जरी गेलं, तर चढणाऱ्या इंजिनाची चाकं जागेवर फिरणार. एकाच रुळाच्या एका बाजूला निसरडेपणा हवा आणि दोन इंच वर तो मुळीच नको. हे काम कीमन आणि ट्रॅकमन भर पावसात करतात आणि त्यांच्याबद्दल घाटाच्या इतिहासात एक ओळ येत नाही, म्हणून इथे लिहिलं. २०१९ च्या पावसाळ्यात कर्जत-मंकी हिल भागात दरडी आणि धुपीने एवढं नुकसान झालं की किती तरी गाड्या महिनोन्महिने रद्द राहिल्या किंवा पुण्यापर्यंतच धावल्या. तेव्हा आपल्या सोलापूरकरांना पुन्हा एकदा कळलं की आपली रेल्वे कुठे अडू शकते.

घाट खुला झाल्याचा सोलापूरला काय फायदा, हेही मुलं विचारतील. १८७१ मध्ये हीच लाइन रायचूरला मद्रास रेल्वेला मिळेपर्यंत सोलापूर हे बराच काळ शेवटचं मोठं ठाणं होतं, त्यामुळे लांबलांबचा माल इथे येऊन गाडीत चढे. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली. तिची विलायती यंत्रं मुंबई बंदरात उतरून सोलापूरला यायची वाट म्हणजे हाच घाट. बैलगाडीच्या जमान्यात कापसाची गाठ घाट उतरली असती, पण गिरणीचा बॉयलर घाट चढवून आणायची कल्पना करून बघा.

आता बार्शी लाइट. हो, तिलाही घाट होता, आणि तो आपल्या भागातला म्हणून मला जास्त जवळचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरने अडीच फुटी रुळांची ही लाइन उभी केली. १८९७ मध्ये ती बार्शी रोड ते बार्शी सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. कॅलथ्रॉप यांचा विचार बर्कलींच्या नेमका उलट होता. त्यांनी ठरवलं की कुठल्याही चाकाच्या आसावर, इंजिन असो की वाघीण, पाच टनांहून जास्त भार टाकायचा नाही. सगळ्यांचा भार सारखा, म्हणजे हलका रूळ आणि हलके पूल चालतात, आणि अरुंद रुळामुळे वळणं आवळ घेता येतात. त्यामुळे पांगरीच्या पुढे बालाघाटच्या रांगेत, रामलिंगच्या बाजूने येडशीकडे चढताना डोंगर फोडण्यापेक्षा डोंगराच्या कडेकडेने जाणं त्यांना जमलं. थोड्या पैशांत, लहान गावांसाठी रेल्वे. मला ही लाइन फार मोठ्या मनाची वाटते. बार्शी आणि लातूरच्या बाजारपेठा तिने उभ्या केल्या.

पण तिची वळणं जशी होती तशी मोठ्या गाडीला चालली नसती. २००७-०८ च्या सुमारास ब्रॉडगेज झाली तेव्हा नवी लाइन पांगरीहून धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, वळसा घालून मग येडशीला नेली. जुन्या लाइनवर नसलेलं जिल्ह्याचं ठिकाण रेल्वेवर आलं आणि रामलिंगची चढण सुटली. बोरघाटात आधी इतका खर्च आणि इतकी माणसं गेली, म्हणूनच त्यातली बरीचशी आखणी दीडशे वर्षांनंतरही उपयोगी आहे. बार्शी लाइट स्वस्तात झाली आणि आपलं काम करून बाजूला झाली. यातली कुठलीच पद्धत चूक नव्हती, दोघांपुढचा माल आणि पैसा वेगळा होता. मुलांनी या दोन आखण्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर प्रकल्पाला खरा विषय मिळेल.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर आधी रामलिंगला न्या. सोलापूरहून एका दिवसात होतं, जुन्या लाइनचा भराव आणि मोऱ्या कुठे कुठे दिसतात, आणि मुलांना चढ पायाने मोजता येतो. एक दोरी, पातळी पाहायला एक पाण्याची नळी आणि टेप बरोबर घ्या. बोरघाटात रुळांवर उतरायला परवानगी नाही आणि ते धोक्याचंही आहे, तो दिवसाच्या गाडीतून, मुंबईकडे जाताना खंडाळा सुटल्यावर खिडकीतूनच पाहावा.